तिच्या बाजूचा लेथ

एकट्या माणसाला सल्ला द्यायला परवाना लागत नाही, ही सरकारची घोडचूक आहे. स्कूटर चालवायला लागतो, चहाची टपरी टाकायला लागतो, कुत्रा पाळायलासुद्धा लागतो म्हणे. पण ज्याची बायको गेली आहे त्याच्या घरात शिरून, त्याच्याच खुर्चीत बसून, त्यानेच केलेला चहा पीत "काका, काहीतरी छंद जोपासा" असं सांगायला कुणालाही मुभा आहे. ही गेल्यापासून मला हे इतक्या जणांनी सांगितलं की बायको आणि छंद या एकमेकांच्या बदली मिळणाऱ्या वस्तू असाव्यात असं वाटायला लागलं. एक बिघडली की दुकानात जायचं आणि दुसरी घेऊन यायचं.

वरच्या मजल्यावरची ताई म्हणाली, "काका, बाग करा."

म्हटलं, "गॅलरीत दोनच कुंड्या मावतात."

"मग दोनच कुंड्यांची करा. मी मोबाइलवर पाहिलंय, झाडांशी बोललं की ती वाढतात."

म्हणजे मी गॅलरीत उभं राहून तुळतुळीत कुंडीशी गप्पा मारायच्या आणि समोरच्या बिल्डिंगने ते बघायचं.

आमचे चेअरमन विमा विकतात. जिवंत माणूस दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. ते म्हणाले, "काका, सकाळी हास्यक्लबला या."

"कशाला हसतात तिथे?"

"कशालाच नाही. कारण लागत नाही, तेच तर त्याचं वैशिष्ट्य!"

आमच्या लहानपणी कारणाशिवाय हसणाऱ्याला वेगळ्या डॉक्टरकडे नेत असत.

सल्ला दिला नाही तो फक्त एका माणसाने. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. ते माझ्याशी बोलतच नाहीत. त्यांचा माझ्याशी जो काही व्यवहार आहे तो छतातून. मी खुर्ची सरकवली, डबा पाडला, की ते झाडूच्या दांड्याने त्यांचं छत, म्हणजे माझी जमीन, ठोकतात. ठक, ठक. ही होती तेव्हा ठोकल्याबरोबर म्हणायची, "अहो, मास्तर नमस्कार म्हणताहेत." मास्तरही एकटेच राहतात. पण एकटा माणूस दुसऱ्या एकट्या माणसाकडे आपणहून जात नाही. दोघांनाही वाटतं, समोरच्याला आपली कीव येईल.

असो. मूळ मुद्दा लेथचा आहे.

मुलगी दर रविवारी फोन करते. मला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून गॅलरीच्या कठड्यावर ठेवतो आणि समोर सभा असल्यासारखा बोलतो. त्या रविवारी ती जरा जपून बोलत होती. माणसं जपून बोलायला लागली की समजावं, आपल्या पाठीमागे काहीतरी ठरलंय.

"बाबा, मी एक जागा बघितलीय. ज्येष्ठांसाठी. छान आहे रे. डॉक्टर आहे, बाग आहे, माणसं आहेत."

"मग इथे काय गुरं बांधलीत?"

"तसं नाही. पण तू दिवसभर करतोस काय? कुणाशी बोलतोस?"

आत टीव्ही चालू होता. खोटं कशाला बोलू, तो दिवसभर चालूच असतो. मी तो बघत नाही. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून लावून ठेवतो. त्या क्षणी पडद्यावर एक दाढीवाला माणूस काळ्या-गोऱ्या लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, तो ठोकळा लेथवर गरगरा फिरवून त्यातून वाडगा काढत होता. आणि माझं तोंड मला न विचारता म्हणालं, "मी वाडगे बनवतो."

"काय बनवतोस?"

"वाडगे. लाकडी. दोन जातींच्या लाकडांचे. लेथवर. आम्ही मंडळी जमतो."

"मंडळी?" तिचा आवाज इतका आनंदला की मला माघार घेता येईना. "किती जण आहात?"

"आहोत बरेच."

"बाबा! मग सांगितलं का नाहीस? पुढच्या महिन्यात मी येतेच आहे. वाडगा दाखव, मंडळी दाखव. मग त्या जागेचं बघू. तू खरंच रमला असशील तर मी एक शब्द काढणार नाही."

फोन बंद झाला. मला त्या जागेत जायचं नव्हतं. तिने मागाहून पाठवलेल्या तिथल्या जाहिरातीत एक म्हातारा फुग्याबरोबर हसताना दाखवला होता. त्या फुग्यासाठी मी माझं घर सोडणार नव्हतो. या घरात पलंगाच्या फळीवर एक खिळा आहे. त्याच्यावर ही झोपताना चष्मा अडकवायची. तो खिळा त्या फुगेवाल्यांच्या खोलीत नसणार. बस, एवढंच कारण. ते मुलीला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी मला न्यायला गाडी पाठवली असती.

लेथ मिळाला. एक माणूस लाटणी आणि पलंगाचे पाय कातायचं दुकान बंद करत होता. मी म्हटलं, "मला शिकवाल का थोडं?" तो म्हणाला, "शिकायचं काय त्यात? लाकूड फिरतं, पटाशी धरायची. स्क्रू मात्र घट्ट हवेत. घट्ट बसले की संपलं." एवढं बोलून त्याने शटर ओढलं. त्या माणसाचं दुकान का बंद पडलं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लेथ दारात आला तेव्हा तो ठेवायचा कुठे हा प्रश्न उभा राहिला. पार्किंगमध्ये माझा एक चौकोन आहे आणि माझ्याकडे गाडी नाही. मी चेअरमनकडे गेलो.

"काका, नियमाप्रमाणे त्या चौकोनात वाहनच उभं करता येतं. तुमच्या लेथला चाकं आहेत का?"

"नाहीत."

"मग कसं होणार?"

"लावून घेतो चाकं."

"मग ते वाहन झालं. त्याचा विमा काढावा लागेल." पेन बाहेर आलं. "आपण बसून बोलू या का?"

गच्ची गळते म्हणून नाही. गॅलरी दर्शनी भागात येते म्हणून नाही. शेवटी कमिटीने बैठक घेऊन मला स्वतःच्या घरात लेथ चालवायला परवानगी दिली आणि वेळही ठरवून दिली. सकाळी मुलांचा अभ्यास असतो, दुपारी लोक झोपतात, संध्याकाळी मालिका असतात. उरली जेवणानंतरची घटकाभर वेळ, आणि त्या वेळेत आमच्या भागाची वीज जाते. मी हे बैठकीत सांगितलं. चेअरमन म्हणाले, "वीज हा कमिटीच्या अखत्यारीतला विषय नाही." टाळ्या पडल्या. कसल्या, ते मला अजून समजलेलं नाही.

हॉलमध्ये लेथ ठेवला असता तर दार उघडलं नसतं. स्वयंपाकघरात ठेवला असता तर मी आत गेलो नसतो. उरली झोपायची खोली.

आमचा पलंग म्हणजे दोन स्वतंत्र खाटा, एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या. ही गेल्यापासून मी माझ्याच खाटेवर झोपत होतो. तिकडे हातसुद्धा पडू देत नव्हतो. बसमध्ये कुणाच्या राखीव जागेशेजारी बसावं तसं. तर ती तिकडची खाट मी खोलली. शिसवी लाकडाची, काळसर, तेलकट चकाकीची. तिचे स्क्रू बोटाएवढे लांब होते. मी ते धुऊनपुसून गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरले, कारण आमच्या पिढीने स्क्रू फेकला तर रात्रभर झोप लागत नाही. तिच्या जागी लेथ बसवला. बाकीची माणसं घोरणाऱ्या माणसाशेजारी झोपतात. मी दातवाल्या यंत्राशेजारी झोपायला लागलो. निदान ते पांघरूण ओढत नव्हतं.

सुट्या फळ्या हॉलमध्ये भिंतीला उभ्या होत्या. माळ्यावर जागा नव्हती. भंगारवाल्याला बोलावलं तर तो त्यांच्यावर टिचकी मारून म्हणाला, "लाकूड कोण घेतं हल्ली? लोखंड आहे का?" मी त्याला जिन्यापर्यंत हाकललं. मग धापा टाकत फळ्यांसमोर बसलो. मला काळं लाकूड हवं होतं आणि काळं लाकूड माझ्यासमोर उभं होतं. यात काव्यबिव्य काही शोधू नका. खिळा पकडीने उपटला, डबीत ठेवला, आणि फळीला करवत लावली. फळी कापली जाताना त्या लाकडाला वास आला, बंद कपाटाचा असतो तसा. मी खिडकी उघडायला गेलो आणि न उघडताच परत आलो.

गोऱ्या पट्ट्या लेथची मोटर ज्या खोक्यातून आली त्या खोक्याच्या. एक काळी, एक गोरी, एक काळी. मध्ये पांढरा गोंद. आता चिकटवलेलं लाकूड घट्ट दाबून ठेवावं लागतं आणि त्यासाठी लोखंडी शिकंजे मिळतात. माझ्याकडे शिकंजे नव्हते. मी ठोकळ्यावर जुने शब्दकोश ठेवले, त्यांच्यावर शिलाई मशीन ठेवलं, तरी फटी दिसत होत्या. म्हणून सगळं उतरवून मीच वर बसलो. माझ्या वजनाचा या घरात बऱ्याच दिवसांनी काही उपयोग झाला. पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं, डुलकीही लागली. इतक्यात बेल वाजली.

मी उठलो. ठोकळाही उठला.

गोंद फटींतून वर आला होता आणि पायजमा त्याला कायमचा पसंत पडला होता. पाठीमागे काळा-गोरा पट्टेरी ठोकळा धरून मी दार उघडलं. दारात चेअरमन.

"काका, त्या विम्याचं—" ते थांबले. एका बाजूला वाकले. "हे काय आहे?"

"छंद," मी म्हटलं आणि दार लावलं. पायजमा कात्रीने सोडवावा लागला. त्याचा एक तुकडा वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला अडकून राहिला, तो नंतर कातताना गेला.

मग त्या ठोकळ्याला लेथच्या लोखंडी चकतीवर बसवायचं होतं. चकती बुडाकडून स्क्रूने आवळायची, म्हणजे लाकूड तिच्याबरोबर फिरतं. घरात छोटे स्क्रू होते. पण "घट्ट हवेत" हे माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि आपल्या लोकांचा एक ठाम समज असतो की जेवढं लांब तेवढं मजबूत. मी गोळ्यांची बाटली उघडली. पलंगाचे स्क्रू. ते ठोकळ्यात खोल, खोल शिरले. मला फार समाधान वाटलं. ज्यांनी इतकी वर्षं आम्हाला धरून ठेवलं ते एका वाडग्याला धरणार नाहीत?

लेथ पहिल्यांदा सुरू केला तेव्हा वरची ताई लिफ्टमध्ये अडकली. तिला बाहेर काढल्यावर ती म्हणाली, "काका, मोबाइलवर तर असं काही होत नाही." वायरमन येऊन वायरी बदलून गेला. नंतर मी कमिटीच्या वेळेत बसून विजेची वाट बघायचो आणि ती आली की कमिटीची वेळ संपलेली असायची. तरी चालवायचो. दोन मिनिटं झाली की खालून ठक, ठक. मी म्हणायचो, "नमस्कार, मास्तर," आणि पुढे कातायचो.

आणि ऐका, बाहेरची बाजू जमली. मी नाकारणार नाही. पटाशी टेकवली की ढलप्या पिसांसारख्या उडायच्या, माझ्या खाटेवर, उशीवर, कानात. चौकोनी ठोकळा हळूहळू गोल झाला, आणि काळे-गोरे पट्टे एकमेकांच्या कुशीत वळत गेले. काठाशी, एका काळ्या पट्टीत, बारीक भोक वर आलं. खिळ्याचं. मी लेथ बंद केला. ते भोक काठावर येईल असं मी काही ठरवलं नव्हतं. पटाशी आणखी चालवली असती तर ते गेलं असतं. मी काठ तिथेच थांबवला. वाडग्याची उंची त्या भोकाने ठरवली, मी नाही.

मुलगी यायच्या दिवशी फक्त आतलं कोरणं राहिलं होतं. संध्याकाळी ती पोचणार होती. मी मालिकांच्या वेळेत, कमिटीच्या नाकावर टिच्चून, लेथ सुरू केला. आत खोल, आणखी खोल. बूड पातळ असलं की वाडगा नाजूक दिसतो, असं तो दाढीवाला म्हणाला होता. लोखंडी चकतीवर किती लांबीचे स्क्रू आहेत हे तो कशाला म्हणेल?

पटाशी स्क्रूंना भेटली.

ठिणग्या उडाल्या, किंकाळी आली, ती बहुधा माझी. पटाशी हातातून सुटली. बूड चकतीवरच राहिलं, त्यातून स्क्रू दातांसारखे वर आलेले. बाकीचा वाडगा, म्हणजे एक सुंदर, गुळगुळीत, पट्टेरी कडं, लेथवरून उडालं, खोलीच्या दारातून हॉलमध्ये पडलं, घरंगळत मुख्य दारापाशी गेलं. वारा यावा म्हणून दार उघडं होतं. कडं बाहेर पडून जिना उतरायला लागलं. टण, टण, टण, प्रत्येक पायरीला. त्याच वेळी अख्ख्या बिल्डिंगची वीज गेली. ऐन मालिकेत.

पहिल्यांदा ताई आली, मोबाइलचा दिवा पुढे धरून. "काका! आत्ता ती सासूला खरं सांगणार होती!" मागून चेअरमन, त्यांच्यामागे कमिटी, त्यांच्यामागे नावं न ठाऊक असलेली माणसं. कितीतरी दिवे माझ्या तोंडावर. "रोज! रोज हा प्रकार!" "ठराव झालाय काका, ठराव!" "आमचं अर्धं भरलेलं वॉशिंग मशीन!" मी भुशात माखून उभा होतो आणि मनात एक भलताच विचार आला. हिच्या तेराव्यानंतर या घरात एवढी माणसं पहिल्यांदाच आली होती.

मग गर्दी बाजूला झाली. हेडमास्तर आले. हातात माझं कडं, परीक्षेत सापडलेली कॉपी धरावी तसं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या घरात पाय ठेवत होते.

"हे आपलं का?"

"हो."

"माझ्या दारावर आपटलं."

आणि मास्तरांच्या खांद्यामागून, बॅग धरून, धापा टाकत, मुलगी. तिने त्या सगळ्या माणसांकडे पाहिलं. माझ्या भुशाच्या भुवयांकडे पाहिलं.

"बाबा, ही तुझी मंडळी का?"

चेअरमननी तोंड उघडलं. ते काय बोलणार होते हे मला पाठ होतं. फुगेवाला म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर हसला.

"हो," मास्तर म्हणाले. चेअरमनकडे बघून, वर्गात बघावं तसं. "आम्ही जमतो. लाकडाचं काम करतो. ह्यांनी आज थोडी घाई केली."

चेअरमननी तोंड मिटलं. मास्तरांच्या हाताखाली अर्धी बिल्डिंग शिकलेली आहे. ताई म्हणाली, "हो ना, मी मोबाइलवरून मार्गदर्शन करते," आणि चहा ठेवायला आत गेली. मेणबत्तीच्या उजेडात कमिटी माझ्या हॉलमध्ये बसली. चेअरमन मुलीला लेथचे धोके समजावत होते. पेन बाहेर होतं.

मी मास्तरांना हळूच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही गॅलरीत फोनवर बोलता," ते म्हणाले. "मी खाली गॅलरीत बसतो. रविवारी मी दुसरीकडे जात नाही."

सगळे गेल्यावर मुलीने कडं हातात घेतलं. फिरवलं. काठावरच्या भोकावर तिचं बोट थांबलं. ती खोलीत गेली, लेथकडे पाहिलं, शेजारच्या एकट्या खाटेकडे पाहिलं, परत आली.

"आईच्या बाजूचं आहे."

"लाकूड लागत होतं."

"आणि बूड?"

"ते लेथवर राहिलं."

ती हसायला लागली. हसता हसता तिने नाक ओढलं आणि झाडू घेऊन माझ्या उशीवरचा भुसा काढत बसली. उशी झाडूने झाडतात का? मी खाली पेपर धरला.

जाताना म्हणाली, "बाबा, त्या जागेचं राहू दे. भांडखोर आहेत तुझी मंडळी. पण आहेत." कडं तिने बॅगेत घातलं. मी म्हटलं, "बूड नाही त्याला, त्यात काय ठेवशील?" म्हणाली, "काही ठेवायचं नाहीये."

म्हणजे मी जिंकलो. घर राहिलं, मी राहिलो. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. नंतरही नाही. चेअरमनची नोटीस दाराखालून आत सरकली, बेल न वाजवता. ताई जिन्यात भेटली, मोबाइलमध्ये बघत पुढे गेली. मास्तरांचं दार बंद. खाली जाऊन त्यांची बेल दाबावी असं दोनदा मनात आलं. पण काय सांगू? आभार? इतक्या उशिरा आभार मानायला गेलेला माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे. शिवाय त्यांना वाटायचं, याला करमत नाही. आणि ते मी कुणालाही वाटू देणार नाही.

रविवार आला. मुलीचा फोन झाला. टीव्ही बोलत होता, तो मी बंद केला. घर एवढं शांत झालं की डबीतला खिळा हलवला तर त्याचा आवाज आला.

मी खोलीत गेलो. लेथवर काही नव्हतं. लाकूड नाही, पटाशी नाही. ऐन दुपार, सगळी बिल्डिंग झोपलेली. मी बटण दाबलं. चकती रिकामीच गरगर फिरायला लागली, भलता आवाज करत. मी कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत उभा राहिलो.

बराच वेळ काहीच नाही. मला राग आला. झोपलेत का? की सवय झाली?

मग खालून आलं. ठक. ठक.

मी लेथ बंद केला. दोन कपांचं आधण ठेवलं आणि जाऊन दाराची कडी काढून ठेवली.